शाळेसाठी सुटा रंगमंच

स्नेहसंमेलन जवळ आले की वर्गातील बाके एकास एक सुंभाने बांधून त्यांवर फळ्या टाकण्याचा प्रघात अनेक शाळांत आढळतो. मुले एकाच ठेक्यावर पाय आपटू लागली म्हणजे गाठी सैलावतात, फळ्यांत फट पडते आणि तीत लहान मुलाचा पाय सहज अडकतो. सबब दोघांना उचलता येतील अशा सुट्या भागांचा रंगमंच शाळेने एकदाच करून घेणे श्रेयस्कर होय.

६ फूट लांब व ३ फूट रुंद असे ८ तक्ते जोडले असता १२ फूट लांबीरुंदीचा मंच होतो. त्यांखाली सुताराच्या घोडीसारख्या, ६ फूट लांबीच्या १० घोड्या दोन-दोनच्या ५ ओळींत, ३ फुटांच्या अंतराने मांडाव्यात. म्हणजे प्रत्येक तक्त्यास दोन्ही टोकांस व मध्यभागी आधार मिळतो. मधल्या ओळीवर दोन तक्त्यांची टोके एकत्र येतात, म्हणून तेथील घोडीचा माथा चांगला रुंद ठेवावा. शेजारचे तक्ते खालून नटबोल्टांनी आवळावेत. घोडीच्या पायांना तिरपी पट्टी ठोकण्यास सुतार कधीकधी टाळाटाळ करतो. ती अवश्य ठोकून घ्यावी. चौकोनी चौकट रेट्याने तिरकी होते, त्रिकोण होत नाही, हे विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष दाखविता येते.

मंच जितका उंच तितका भव्य, ही समजूत मात्र सोडावी. भव्यतेचेच म्हणाल, तर कोकणातील दशावतार एका बाकावर राजसभा उभी करतो. जमिनीवर बसलेल्या लहान मुलाची दृष्टी सुमारे २ फुटांवर असते. मंच त्याहून उंच झाल्यास पहिल्या रांगेस नाचणाऱ्यांची पावलेच दिसत नाहीत, आणि तोल गेलेले मूल अधिक उंचीवरून पडते. दीड फूट उंची पुरे. मोकळी राहिलेली बाके मागील रांगांना द्यावीत.

पडद्याचे बांबू मंचास बांधू नयेत. वाऱ्याने पडदा शिडासारखा फुगतो व मंचाला ओढ बसते. बांबू जमिनीत रोवून त्यांस दोरांचे ताण द्यावेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मंच मैदानाच्या उत्तर टोकास, दक्षिणाभिमुख मांडला तर प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही.

आदल्या दिवशी दहाबारा प्रौढांनी मंचावर पाय आपटून पाहावे व डुगडुगणाऱ्या पायाखाली पाचर मारावी. प्रत्येक भागावर रंगाने क्रमांक घालावा. खडूचा क्रमांक वर्षभर टिकत नाही. कार्यक्रमानंतर तक्ते भिंतीपासून थोडे दूर, विटांवर उभे ठेवावेत, म्हणजे वाळवी लागल्यास वेळीच दिसते.