तार जोडली, तरी जाळे का लागत नाही?

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयाविषयी एक बातमी प्रसिद्ध झाली. आंतरजालाशी जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी 'माया' ही प्रणाली बसविण्याचे मंत्रालयाने ठरविले होते. माया ही उबुंटूवर, म्हणजे पर्यायाने लिनक्सवर, आधारलेली आहे. तत्पूर्वी २००७ मध्ये सी-डॅक या संस्थेने डेबियन लिनक्सच्या पायावर 'बॉस' ही प्रणाली सिद्ध केली होती. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला. तो कोणासही विनामूल्य वापरता येत असल्याने शाळा व ग्रंथालये यांना त्याचे मोल विशेष आहे.

परंतु अशा संगणकाला जाळ्याची तार जोडावी आणि जाळे लागूच नये, असा अनुभव पहिल्याच दिवशी येऊ शकतो. अडचण मोठी चमत्कारिक असते. कारण जेथे उपाय शोधावयाचा, तेच दार बंद असते. मग दोष लिनक्सला दिला जातो आणि चांगले यंत्र आच्छादनाखाली पडून राहते. वस्तुतः दोष कोठे आहे हे क्रमाने पाहत गेल्यास बहुधा सापडतो. जाळ्याचे काम जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहे. खालची पायरी ढासळलेली असता वरची दुरुस्त करीत बसणे व्यर्थ होय.

सर्वांत खालची पायरी म्हणजे तार. तारेने संगणक जोडण्याची इथरनेट ही पद्धत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कल्पिली. तेव्हाची तार जाड व एकसंध होती. आजच्या तारेत आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नव्हे. बाहेरचा विद्युत्-उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि घेणारे उपकरण दोहोंमधील फरक तेवढाच वाचत असल्यामुळे तो उपद्रव वजा होतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगास दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटास चारही लागतात. म्हणून एखादी तार तुटली असता कित्येकदा जाळे बंद न पडता वेग दशांशावर येतो, आणि बोल मात्र सेवा पुरविणाऱ्या कंपनीला लागतो! शेजारच्या चालू संगणकाची तार काढून नव्याला लावून पाहावी. खोबणीजवळचा दिवा लागला, तर जुनी तार दोषी ठरली.

दुसरी पायरी चालकाची, म्हणजे ड्रायव्हरची. जाळ्याच्या कार्डाशी बोलण्याची भाषा हा चालक जाणतो, आणि लिनक्समध्ये बहुतेक चालक कर्नेलबरोबरच येतात. म्हणूनच येथे एक उलटा न्याय दिसतो: यंत्र जितके नवे तितकी अडचणीची शक्यता अधिक. रिअलटेक कंपनीच्या आरटीएल ८१२५ या चिपचेच पाहा. तिची ओळख कर्नेलला २०१९ च्या नोव्हेंबरात आलेल्या ५.४ या आवृत्तीत झाली. त्याच वर्षी जुलैत निघालेल्या डेबियन १० मध्ये ४.१९ हे कर्नेल होते. साहजिकच त्या डेबियनला ती चिप परकी. याची परीक्षा सोपी आहे. टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. उत्तरात 'लो' हे एकच नाव आले, तर संगणक केवळ स्वतःशीच बोलू शकतो. कार्डाला चालक मिळालेला नाही. अशा वेळी नवे कार्ड विकत घेण्याची घाई करू नये. मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे जाळे संगणकास तात्पुरते द्यावे आणि नवे कर्नेल उतरवून घ्यावे.

चालक आहे, दिवाही लागला आहे, तर पत्ता पाहावा. हा पत्ता सामान्यतः राउटर वाटतो. पत्ता मुळीच नसेल, अथवा १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरचे उत्तर आलेले नाही असे समजावे. काही संस्थांत प्रत्येक कार्डाचा ४८ बिटांचा ओळखक्रमांक आधी नोंदवावा लागतो. नव्या यंत्राचा क्रमांक त्या यादीत नसल्यास घरच्या घरी केलेला कोणताही उपाय चालत नाही. व्यवस्थापकाकडेच जावे लागते.

पुढे 'पिंग' या आज्ञेने प्रथम राउटरला व नंतर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला हाक मारावी. अंकांना उत्तर येते, पण नावाला येत नाही, असे झाल्यास दोष नामकोशात, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही व्यवस्था नावांचे अंकांत रूपांतर करते. २०१४ पासून '.भारत' ने संपणारी देवनागरी नावेही तिच्यात आहेत, मात्र आत ती रोमन अक्षरांत बदलूनच साठविली जातात.

हे सर्व ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील, तर घड्याळाकडे पाहावे. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि तारीख चुकलेल्या संगणकाला खरे प्रमाणपत्रही खोटे वाटते. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते व ती जाळ्यावरूनही पुरविते. पण पहिल्या खेपेस तारीख हाताने घालणे अधिक लवकर होते.