हप्ता महिन्याचा, पैसा सुगीचा

दवाखाना आणि खिसा : लेखांक सहावा

दाताच्या डॉक्टरकडे सहा-सात वर्षांनी गेलेल्या माणसाला उशिराचा दंड कुणी लावत नाही. फार तर जुना केसपेपर बाद होतो आणि नवा काढावा लागतो. तरीही खर्चाचा अंदाज ऐकून तोंडचं पाणी पळतं. त्या अंदाजात डॉक्टरांची फी किती आणि मधल्या वर्षांची थकबाकी किती, हे आधी समजून घेऊ.

दाताच्या बाहेरच्या कवचाला वेदना कळत नाही. कीड तिथेच असते तोवर माणूस निश्चिंत असतो, आणि खरं तर याच वेळी ती फ्लोराइडने आणि नीट घासण्याने थांबू शकते. आतल्या थरात शिरली की थंड-गोड झोंबायला लागतं. इथेही एका बैठकीत सिमेंट भरून भागतं. ती नसेपर्यंत पोचली की दाढ रात्रभर ठणकते. मग रूट कॅनॉल आणि त्यावर कॅप. तेही टाळलं तर दाढ काढायची, आणि नंतर रिकाम्या जागेसाठी ब्रिज किंवा इम्प्लांट. ‘दुखेल तेव्हा बघू’ म्हणणारा दवाखान्यात पोचतो तेव्हा स्वस्तातले दोन्ही उपाय हातचे गेलेले असतात. लवंगेच्या तेलाने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. कधी कधी तर नस मेल्यामुळे दुखणं आपोआप बंद होतं आणि घरचे म्हणतात, बरी झाली की दाढ!

हिरड्यांचं दुखणं त्याहून मुकाट्याने वाढतं. दातांवर कीटण बसतं, त्याखालचं हाड झिजतं आणि एक दिवस दात हलायला लागतो. मधुमेह असेल, मिश्री लावायची सवय असेल तर हे लवकर होतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे टपऱ्यांवर दिसतंच. सुपारी-गुटख्याने ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या मागच्या दाढेवर काम करणं डॉक्टरला अवघड जातं. अवघड काम महागही पडतं.

आता हे सगळं झरीत बसून बघू. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं हे गाव. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण अशा केंद्रांच्या ठरलेल्या मनुष्यबळात दंतचिकित्सक नसतो. तो ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या पातळीवर भेटतो. म्हणजे दाढेसाठी परभणी किंवा जिंतूर गाठणं आलं. बाईमाणसाला एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून फुकट आहे, तेव्हा भाडं हा मोठा प्रश्न राहिला नाही. प्रश्न बुडणाऱ्या रोजाचा आहे. रूट कॅनॉलला बहुधा दोन-तीन फेऱ्या लागतात, कॅपला आणखी दोन. कापूस वेचणीच्या दिवसांत एवढे रोज पाडायला कुणाचाच जीव होत नाही. सोयाबीन निघू द्या, वेचणी उरकू द्या, तूर घरात येऊ द्या, असं करता करता वर्षं जातात. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही.

विम्याची मदत इथे जवळपास शून्य. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठी आहे, पण तिचा भर रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांवर आहे. अपघातात जबडा मोडला तर तिच्याकडे जरूर जावं. दात भरणं, रूट कॅनॉल, कवळी यांसाठी तिच्यावर विसंबू नये. खासगी आरोग्य विम्यातही अपघात सोडला तर दाताचा खर्च बहुतेक पॉलिसी वगळतातच. दर नेमून देणारा कायदाही नाही. केंद्राने २०१० मध्ये केलेला दवाखाने नोंदणीचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन दवाखान्यांत एकाच कॅपचे दोन भाव असू शकतात. ती कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली की झिरकोनियाची, हे विचारल्याशिवाय त्या भावांची तुलनाही होत नाही.

पैसे कमी आणि काम जास्त अशी स्थिती असेल, तर पहिलं पाऊल सरकारी दवाखान्याकडे टाकावं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नव्हता. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, तेव्हा तिथे खिडकीवर आधी विचारलेलं बरं. दंतचिकित्सक कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडून कळलं तर हेलपाटा वाचतो. शाळा-अंगणवाडीतल्या पोरांचे दात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासले जातात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नये.

दुसरी वाट दंत महाविद्यालयाची. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, आणि दर साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. मात्र विद्यार्थी सावकाश काम करतो, प्रत्येक टप्प्यावर सरांना दाखवतो, म्हणून फेऱ्या वाढतात. रोज बुडणाऱ्याने वाचलेले पैसे आणि बुडालेले रोज शेजारी शेजारी लिहून पाहावेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कवळीला ही वाट उत्तम. ऐन सुगीत मजुरीला जाणाऱ्याला कदाचित नाही.

तिसरी वाट खासगी दवाखान्याची. बहुतेकांची पावलं तिकडेच वळतात, आणि हप्त्यांचा विषयही तिथेच निघतो.

पूर्ण तोंडाचा एक्स-रे निघतो, कागदावर आठ-दहा कामं लिहिली जातात आणि खाली एकच मोठा आकडा येतो. त्या आकड्याकडे बघून लोक दोनच गोष्टी करतात : निघून जातात, नाहीतर कर्ज काढतात. माझं म्हणणं एवढंच की तिसरी गोष्ट आधी करावी. डॉक्टरांना सांगावं, ‘ह्यातलं आत्ता काय केलंच पाहिजे, काय सहा महिन्यांनी चालेल आणि काय नाही केलं तरी चालेल, असं वेगवेगळं लिहून द्या. प्रत्येकापुढं पैसे टाका.’ दाताच्या कामाचे तुकडे पाडता येतात, आणि चांगला डॉक्टर या मागणीवर रागावत नाही. पू, सूज आणि ठणका यांना पहिला नंबर. मग कीटण काढणं आणि लहान किडी भरणं, कारण उद्याचं मोठं बिल यांच्यातूनच तयार होतं. ज्या जागी वर्षानुवर्षं दाढ नाही, तिथला इम्प्लांट आणखी एक हंगाम थांबला तर फारसं बिघडत नाही. उलट सुरू केलेलं रूट कॅनॉल अर्ध्यावर सोडणं सगळ्यात वाईट : तात्पुरतं सिमेंट झिजतं, आत पुन्हा जंतू शिरतात आणि आधीचे पैसे मातीत जातात. रूट कॅनॉल झालेली मागची दाढ कॅपशिवाय वर्षभर ठेवली तर चावताना फुटण्याचा धोका राहतो, म्हणून रूट कॅनॉलचा खर्च विचारताना कॅप धरूनच विचारावा. दाढ काढणं हाही कमीपणाचा उपाय नाही. अक्कलदाढ असेल किंवा दाढेचं नुसतं खोड उरलं असेल, तर ती काढणंच शहाणपणाचं.

एक्स-रे आपल्या मोबाइलवर घ्यावा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं झालं तर तोच दाखवता येतो.

गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर मात्र वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टाही असाच. तो सरकारी दवाखान्यात दाखवून घ्यावा.

आता हप्त्यांकडे येऊ. काम होत जाईल तसे पैसे द्यायचे, ही दवाखान्याशी केलेली बोली. त्यात व्याज नसतं. मोंढ्यात माल गेल्यावर पुढचं काम काढू, असंही डॉक्टरांशी ठरवता येतं. फायनान्स कंपनीचा हप्ता वेगळा. ती कंपनी डॉक्टरांना रक्कम देऊन टाकते आणि आपण तिचे कर्जदार होतो. दाढ दुखो वा राहो, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून पैसे जाणार. पगारदाराला हे सोयीचं आहे. सोयाबीन-कापसावर जगणाऱ्याच्या खात्यात आषाढ-श्रावणात काय असतं? हप्ता परत गेला की कंपनीचा दंड, बँकेचा दंड आणि वर सिबिलला डाग. पीककर्जाला सिबिल बघू नका, असं सरकार बँकांना बजावत असतं, पण शाखेतला अनुभव ज्याचा त्याला ठाऊक.

‘शून्य टक्के व्याज’ या पाटीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की असं काही अस्तित्वातच नसतं. गणित करून पाहा. समजा २४,००० रुपयांचं काम, १२ हप्ते २,००० चे. व्याज नाही, पण फाइलचा खर्च १,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये आधीच गेले. गावच्या भाषेत हा दर शेकडा पाऊण रुपया महिन्यापेक्षा थोडा जास्त, वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. हे काही लुबाडणं नव्हे, पण शून्यही नव्हे. आता त्याच रकमेवर सपाट १२ टक्के धरा : व्याज २,८८०, हप्ता २,२४०. मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज मात्र पूर्ण २४,००० वर लागतं, म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. बचत गटातून शेकडा एकने, उरलेल्या मुद्दलावर व्याज देत वर्षभरात फेडलं तर तेच व्याज १,५६० होतं. सावकाराच्या शेकडा तीनबद्दल झरीत कुणाला वेगळं सांगायला नको.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना कंपनीने सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं एक मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. ते मागावं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी ते वाचून झाल्यावरच सांगावा. आणि पूर्ण तोंडाच्या कामाचं कर्ज एका दमात उचलू नये. स्पेनमध्ये आयडेंटल नावाची स्वस्त दंत दवाखान्यांची साखळी २०१८ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो रुग्णांचं काम अर्धवट राहिलं, आणि ज्यांनी त्यासाठी कर्ज काढलं होतं त्यांच्या डोक्यावर ते कर्जही राहिलं. परभणीत असं होईल असं मी म्हणत नाही. पण टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्याचं नुकसान एका टप्प्यापुरतंच होतं.

जर्मनीत सरकारी आरोग्य विम्याची एक वही असते. दरवर्षी दात तपासून तिच्यात शिक्का घ्यायचा. कॅप-ब्रिजच्या नेमून दिलेल्या खर्चातला ६० टक्के वाटा विमा उचलतो. पाच वर्षांचे शिक्के सलग असतील तर ७०, दहा वर्षांचे असतील तर ७५. तिथे तपासणी चुकवल्याचा तोटा टक्क्यांत मोजता येतो. आपल्याकडे अशी वही नाही, तेव्हा किती दिवसांनी जायचं हे आपणच ठरवायचं. ‘दर सहा महिन्यांनी’ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ऑब्री शिहॅम या दंतवैद्याने १९७७ मध्येच त्याला शास्त्रीय आधार काय, असा प्रश्न ‘लॅन्सेट’मध्ये विचारला होता, आणि ब्रिटनची २००४ ची मार्गदर्शक सूचना मोठ्या माणसांसाठी धोका पाहून तीन महिने ते दोन वर्षं एवढं अंतर सांगते. मधुमेह, मिश्री, गुटखा यांपैकी काही असेल तर लवकर. तोंड निरोगी असेल तर वर्षातून एकदा, तूर विकून झाल्यावर गेलं तरी चालेल. मात्र ती तारीख कामाच्या शेवटच्या बैठकीतच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी.

पुढच्या लेखांकात कवळी : ती कधी करायची, किती वर्षं टिकते आणि ढिली झाली की नवी करण्याआधी काय विचारायचं.