नळीला भोक नेमकं कुठं?

घरच्या विंड चाइमला फारसं सामान लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पातळ नळी, नायलॉनचा दोरा, वर आधाराला अर्धी करवंटी, मधोमध टोला म्हणून जुना लाकडी भोवरा आणि खाली वारा धरायला एखादी बाद झालेली सीडी. खरी गोम आहे भोकात. टोकालाच दोरा ओवला, तर ‘ठक्’ होऊन आवाज विझतो. वाजताना नळी थरथरते, टोकं सर्वाधिक हलतात आणि दोरा ती थरथर गिळतो. टोकापासून लांबीच्या सुमारे २२.४ टक्क्यांवरचा भाग मात्र जवळपास स्थिर असतो. म्हणजे ३० सेंमीच्या नळीला भोक ६.७ सेंमीवर.

लांबीचं गणितही चकवणारं. नळी निम्मी केली, की कंपनसंख्या दुप्पट नव्हे, चौपट होते. ३० सेंमीच्या नळीचाच स्वर वरच्या सप्तकात हवा असेल, तर त्याच जाडीची नळी २१.२ सेंमीवर कापावी.

टोला नळ्यांच्या मध्यावर आदळू द्या. भोकाच्या कडा पॉलिशपेपरनं घासायला विसरू नका. धारदार कड दोरा कापते. आणि हो, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून जरा लांबच टांगा.