मांजराला तापाची गोळी नको

रायपुरात तेलीबांधा तलावाकाठच्या मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी कुत्र्यांना फिरवणारी मंडळी भेटतात. घरचं जनावर मलूल दिसलं की आपल्याच डब्यातली पॅरासिटामॉल द्यावी, असं अनेकांना वाटतं. मांजराला ती कधीच देऊ नका. ५०० मिलिग्रॅमची पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

आपलं यकृत या औषधाचा बराच भाग ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर घालवतं. मांजरात त्या कामाचं एन्झाइम जवळजवळ नसतंच. मग औषधापासून तयार झालेले विषारी घटक तांबड्या पेशींवर तुटून पडतात आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा नि पंजे सुजतात. लक्षणांची वाट न पाहता गोळीचं पाकीट घेऊन पशुवैद्य गाठा. वेळेत अ‍ॅसिटिलसिस्टीन मिळालं तर मांजर वाचू शकतं.

कुत्र्यांना आयब्युप्रोफेन घातक. जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजराला लावू नये.

डॉक्टरांनी दिलेली गोळीही मांजराला कोरडी भरवू नका. डॉक्सीसायक्लिन अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. पाठोपाठ सुई काढलेल्या सिरिंजनं ५-६ मिलिलिटर पाणी द्या, गालाच्या बाजूनं, अगदी सावकाश.