ठसा आणि विश्वास : पैशाच्या स्वरूपाविषयी

‘पैसा म्हणजे काय?’ या प्रश्नाला भाषेने दोन उत्तरे दिलेली आढळतात. पाणिनीने ‘रूप्य’ हा शब्द ‘रूप’ या शब्दापासून सिद्ध करून ‘ज्यावर ठसा उमटविला आहे ते’ असा त्याचा एक अर्थ सांगितला. आपला ‘रुपया’ याच कुळातला. या दृष्टीने पैसा ही ठसा असलेली वस्तू ठरते. उलटपक्षी, ‘क्रेडिट’ हा शब्द ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून ते क्रियापद व संस्कृत ‘श्रद्धा’ यांचे मूळ एकच आहे. येथे वस्तू दिसत नाही. दिसतो तो देणेकरी व घेणेकरी यांच्यामधील संबंध.

हुंडी हे या दुसऱ्या उत्तराचे उत्तम उदाहरण होय. सराफाने परगावच्या पेढीवर लिहिलेल्या त्या चिठ्ठीस अंगचे मोल नसे. तथापि दर्शनी हुंडी दाखविताच आणि मुदती हुंडी मुदत भरताच वटत असे. शहाजोग हुंडीची रक्कम तर बाजारात पत असलेल्या ‘शहा’सच मिळे.

चलनी नोट ही हुंडीचीच सोयरी. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर धारकास रक्कम देण्याचे वचन असते. म्हणजेच ती नोट बँकेच्या हिशेबी देणे आहे. भारत सरकारच्या एक रुपयाच्या नोटेवर मात्र असे वचन नसते. कायदा तिला नाणेच मानतो. दोन्ही उत्तरे अशी एकाच खिशात नांदतात. शिवाय, शंभराच्या नोटेवरील वचन पुरे करावयाचे म्हणजे दुसऱ्या नोटा वा नाणीच द्यावयाची. सोन्याचांदीची हमी त्यात नाही.

मग मूल्य कशावर उभे राहते? ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून ५०० व १००० रुपयांच्या तत्कालीन नोटांची वैधता संपली आणि २०१७ च्या कायद्याने त्यांवरील बँकेचे दायित्वही संपविले. कागद तोच राहिला, ठसा तोच राहिला, वचनाची अक्षरेही पुसली गेली नाहीत. नाहीसे झाले ते केवळ दायित्व, आणि त्याबरोबर मूल्यही.

यावरून असे म्हणता येईल की, ठसा ही पैशाची खूण आहे, आधार नव्हे. एका पेढीची पत तिच्या ओळखीच्या वर्तुळापुरती चालते; तीच पत कायद्याच्या पाठबळाने अनोळखी माणसांतही हस्तांतरणीय झाली, की तिला आपण पैसा म्हणतो.