महाग सिमेंटने दाताचे दुखणे लवकर थांबते का?

रूट कॅनल न करता दाताचा वरचा सुजलेला गाभा तेवढा काढून मुळांतील जिवंत भाग राखण्याचा उपचार आता प्रौढांतही केला जातो. ‘महागडे सिमेंट घातले तर ठणका लवकर थांबेल ना?’ असे आपण हमखास विचारता. वेदना शमते ती मुख्यतः सुजलेला भाग निघाल्याने आणि दात घट्ट बंद झाल्याने. एमटीए असो वा बायोडेंटिन, सुरुवातीच्या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. एमटीए घट्ट होण्यास काही तास लागतात व दात काळपट पडू शकतो. बायोडेंटिन सुमारे 12 मिनिटांत घट्ट होते. समोरचा दात असेल तर रंगाविषयी अवश्य विचारावे.

मला धास्ती वाटते ती घरातल्या गोळ्यांच्या डब्याची. दोन-तीन दिवस थोडे दुखणे स्वाभाविक आहे. पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नये. पॅरासिटामॉल बहुधा पुरते; मात्रा डॉक्टरांना विचारावी. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नये. गाल सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. गिळणे वा श्वास घेणे जड झाले, तर थेट रुग्णालयात.