मोबाईलकडून हरलं म्हणून रडायचं नाही



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी मोबाईलवर बुद्धिबळ खेळते, रोज हरते आणि रडत बसते. बंद करू का तिचा खेळ?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर माहिती घेतली, ती आज सांगतो.

आपलं कोल्हापूर कुस्तीचं. पैलवान किती मोठा, हे त्यानं कुणाला चितपट केलं त्यावरून ठरतं. बुद्धिबळातही तसंच. इथं खेळाडूला एक आकडा मिळतो, त्याला रेटिंग म्हणतात. अमेरिकेतले प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ती स्वीकारली. तगड्याला हरवलं की आकडा जास्त वाढतो, कच्च्याला हरवलं की थोडाच. जिंकलं की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा. दोघींच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर १०० डावांत वरचढ खेळाडूला साधारण ७६ गुण मिळतील, असा हा अंदाज असतो.

मग कॉम्प्युटरची ताकद कशी मोजली? आधी माणसासमोर बसवून. १९९६ साली जगज्जेता गॅरी कास्पारोव आणि डीप ब्लू या कॉम्प्युटरमध्ये सहा डाव झाले. कास्पारोव ४-२ नं जिंकला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला कॉम्प्युटर साडेतीन-अडीचनं जिंकला. तो सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचा! २००६ साली तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकही डीप फ्रिट्झ या प्रोग्रामकडून ४-२ नं हरला. त्यानंतर बरोबरीच्या लढतीत काही राम उरला नाही. २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा या बलाढ्य खेळाडूला सुरुवातीलाच सवलत देऊन खेळवलं, तरी कोमोडो हा प्रोग्रामच जिंकला.

आज चांगल्या प्रोग्रामचं रेटिंग साडेतीन हजारांच्या वर दाखवतात. माणसांत आजवरचं सर्वांत जास्त रेटिंग मॅग्नस कार्लसनचं, २८८२. पण इथं एक मेख आहे. प्रोग्रामचा आकडा मुख्यतः दुसऱ्या प्रोग्रामांशी खेळून आलेला असतो. समजा, एका तालमीतले पैलवान आपापसातच लढले. त्यांच्यात पहिला कोण ते कळेल. पण दुसऱ्या तालमीच्या पहिल्यापेक्षा तो किती भारी, हे दोघांची जोड लागल्याशिवाय नेमकं कसं कळणार? कॉम्प्युटर वरचढ आहे यात शंका नाही, पण किती, ते नुसत्या वजाबाकीनं निघत नाही.

मोबाईलवरच्या आकड्याचंही तेच. तो त्या अॅपपुरता असतो, तो आपल्या मुलीची हुशारी मोजत नाही.

आणि खरा आकडासुद्धा नशीब ठरवत नाही. नागपूरची दिव्या देशमुख बघा. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तिनं जॉर्जियातल्या बटुमी इथं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होत्या कोनेरू हंपी, रेटिंगनं आणि अनुभवानंही मोठ्या. ग्रँडमास्टर व्हायला एरवी २५०० रेटिंग लागतं. दिव्याचं तेव्हा त्याहून कमी होतं, पण विश्वचषक जिंकल्यामुळे किताब थेट मिळाला.

म्हणून त्या ताईंना आम्ही सांगितलं, खेळ बंद करू नका. मोबाईलची पातळी खाली आणा. खालच्या पातळीवर तो मुद्दाम चुका करतो, त्या शोधायला पोरीला मजा येईल. शाळेतल्या मैत्रिणींशी, भावाशी, आजोबांशी तिला पटावर खेळू द्या. डाव संपला की मोबाईलला विचारा, चूक कुठे झाली? जो हरवतो त्यालाच मास्तर करायचं.

पैलवानसुद्धा तालमीत रोज माती खातो, तेव्हा कुठे मैदान मारतो. पोरीला तेवढा वेळ द्या.